फिंतास ते आयला: भट्टीवरून मुलगी परत आणायला गेलो त्याची हकीकत

स्कॉटलंडला लोक हिरवे डोंगर बघायला जातात, किल्ले बघायला जातात, काहीजण उघडपणे व्हिस्की प्यायला जातात. मी गेलो होतो माझ्या मुलीला तिथल्या दारूच्या भट्टीवरून उचलून कुवेतला परत आणायला. रस्ते, फेरी, हवामान, जेवणाचे हाल हे सगळं पुढे सांगणारच आहे, पण मूळ काम ते होतं. आधीच सांगून टाकलेलं बरं, मागाहून तक्रार नको.

मी मूळचा नाशिकचा. गेली सव्वीस वर्षं कुवेतमध्ये, रिफायनरीत. डिस्टिलेशन हा माझा प्रांत: उकळवायचं, वाफ करायची, वेगळं काढायचं, थंड करायचं. राहतो फिंतासला, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. बायको वैशाली गुहागरची. आणि एकुलती एक मुलगी रेवा. जन्मापासून इथेच वाढली, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. केमिकल इंजिनिअरिंगला ग्लासगोला गेली तेव्हा माझी छाती दोन इंच फुगली होती. पुढे नोकरी लागली. कुठे, विचारलं, तर म्हणाली, "फूड अँड बेव्हरेज, बाबा." मी समजलो संत्र्याचा ज्यूस.

जानेवारीत तिने आईला एक फोटो पाठवला. डोक्यावर हेल्मेट, चेहऱ्यावर हसू, आणि मागे तांब्याचं प्रचंड भांडं, खाली कांद्यासारखं गोल, वर लांब मान. अहो, ज्या माणसाने आयुष्यभर डिस्टिलेशन केलं त्याला हे कळणार नाही? त्या भांड्यातून संत्र्याचा ज्यूस निघत नाही.

आता इथली परिस्थिती समजून घ्या. कुवेतमध्ये दारू कायद्याने बंद. विकायची नाही, आणायची नाही, करायची तर नाहीच नाही. आम्हाला त्याची इतकी सवय आहे की 'दारू' हा नुसता शब्दसुद्धा आम्ही लिफ्टमध्ये उच्चारत नाही. त्यातून मी आयुष्यात थेंबाला शिवलेलो नाही. आणि माझी मुलगी ती गाळते! मी फोनवर जे बोलायचं ते बोललो. ती म्हणाली, "इट्स माय जॉब, बाबा." त्यानंतर पाच महिने आमच्यात एकच संवाद होता. मी विचारायचो, "जेवलीस?" ती म्हणायची, "हो." बाकी सगळा व्यवहार वैशालीच्या टेलिफोन एक्स्चेंजमार्फत.

दरम्यान मी हातावर हात धरून बसलो नव्हतो. देशमुख नावाचा माझा जुना मित्र अहमदीला एका कॉन्ट्रॅक्टर कंपनीत आहे. त्याने रेवासाठी जागा धरून ठेवली. जूनअखेर हो-नाही कळवायचं होतं. तिकडे रेवाची कायम होण्याची परीक्षाही जूनमध्येच होती. पास झाली की ती तिथली पक्की स्टिलमन, म्हणजे त्या तांब्याच्या भांड्यांची मालकीण. "बाबाला सांग, एकदा ये आणि बघ, मग काय बोलायचं ते बोल," असा निरोप एक्स्चेंजवर आला.

"ईदची सुट्टी जोडून जाऊ," वैशाली म्हणाली.

"जाऊ. पण येताना तिघं येणार."

"आधी दोघं तर पोचा," ती म्हणाली.

जाणाऱ्यांसाठी कामाचं: व्हिसाचा अर्ज दीड-दोन महिने आधी टाका. कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारदरबारी कागद फिरवणारा माणूस, त्याला सॅलरी सर्टिफिकेटसाठी आधीच गाठा, नाहीतर तो ईदला गावी गेला की तुम्ही बसा. इक़ामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, निदान सहा महिने शिल्लक असू द्या. आणि जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. तेव्हा बऱ्याच भट्ट्या दुरुस्तीसाठी बंद असतात. त्याला तेही आमच्या रिफायनरीसारखं शटडाऊनच म्हणतात हे ऐकून मला उगाचच जरा बरं वाटलं.

दोहामार्गे एडिंबरा, तिथून आगगाडीने ग्लासगो, तिथे मुक्काम, आणि सकाळी भाड्याची गाडी. कुवेतचं लायसन्स चालतं. पण कुवेतमध्ये उजवीकडून चालवायचं आणि तिथे डावीकडून. पहिल्या चौकातच मी वायपर लावून वळलो. तळ्याच्या कडेकडेने जाणारा रस्ता इतका देखणा की वैशाली सारखी "अहो, बघा तरी" म्हणत होती, आणि मी स्टीअरिंगला घोरपडीसारखा चिकटून "मला रस्ता बघू दे" म्हणत होतो. धक्क्यापर्यंत तीन तास धरा, चहापाणी वेगळं. फेरीवर गाडीची जागा फार आधी भरते, तेव्हा विमानाच्या तिकिटाआधी फेरी बघा. वारा सुटला की फेरी सरळ रद्द होते आणि त्याबद्दल तिथे कोणीही चिडत नाही. मी चिडायच्या तयारीत होतो, पण आमची सुटली.

बेटाचं नाव आयला. खरंच तेच आहे, मी काही करू शकत नाही. व्हिसाच्या मुलाखतीपासून ते हॉटेलवाल्यापर्यंत सगळ्यांना "आम्ही आयलाला चाललोय" सांगताना वैशालीचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

दोन तासांनी बेट दिसायला लागलं, आणि त्याच्या आधी भट्टी दिसली. समुद्राच्या अगदी काठावर, लाटा भिंतीला लागतील अशा जागी पांढरीशुभ्र लांबलचक इमारत, आणि भिंतीवर माणसाच्या दुप्पट उंचीच्या काळ्या अक्षरांत तिचं नाव. मला वाटलं, काय हा निर्लज्ज जाहिरातबाजीचा कळस! नंतर कळलं, पूर्वी कोळसा आणि सातू घेऊन येणाऱ्या बोटींना धुक्यात आपला धक्का कोणता ते दिसावं म्हणून ती अक्षरं. तरी माझ्या मनात आलंच, की आमच्याकडे लोक भिंतीआड लपून करतात, आणि इथे भिंतीवर नाव घालून.

धक्क्यावर रेवा उभी होती. आईच्या गळ्यात पडली. मग माझ्यासमोर आली. पाच महिने मनात घोळवलेलं भाषण तयार होतं.

"जेवलीस?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली, आणि मी गाडीचे टायर तपासायला लागलो.

टायर तपासण्याला पुढेही कारण मिळालं. बेटावरचे रस्ते एका गाडीपुरते, समोरून कोणी आलं की कडेच्या खोलगट जागेत थांबायचं. आणि समोरून येणारा प्रत्येक माणूस हात हलवायचा. कुवेतमध्ये कोणी तुम्हाला हात केला किंवा दिवा मारला, तर एक तर तुम्ही त्याच्या वाटेत असता किंवा तुमच्या गाडीतून काहीतरी गळत असतं. मी तीनदा उतरून बोनेट उघडलं. चौथ्यांदा थांबलो तेव्हा मागच्या सीटवरून रेवा म्हणाली, "बाबा, दे आर जस्ट सेइंग हॅलो." त्या दिवसापासून वैशाली खिडकीतून मेंढ्यांनाही हात हलवायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला लापशी. ओटची, आणि मीठ घालून. वैशालीने पिशवीतून लोणचं काढलं, घरमालकिणीनेही चाखलं आणि पुढचे तीन दिवस ती लोणच्याच्या बरणीकडे आशेने बघत होती. मग आम्ही भट्टीवर गेलो. दारात डंकन उभा होता. रेवाचा वरिष्ठ, साठीचा, दाढी पांढरी, हात फावड्याएवढे. याच माणसाने माझ्या मुलीला शिकवलं. मी हात मिळवला तो जरा हातचं राखूनच.

पण माणूस सांगणारा होता. म्हणाला, त्याच्या आजोबांच्या आजोबांच्या काळी इथे भट्टी नव्हती, नुसते शेतकरी होते. उरलेला सातू सडण्यापेक्षा गाळलेला बरा, म्हणून गुहांमधून आणि ओढ्याकाठी लपून गाळायचे. धूर दिसू नये म्हणून धुकं पडायची वाट बघायचे. सरकारने कर कमी करून परवाना दिला तेव्हा त्यातल्याच एका शेतकऱ्याने इथे भिंती उभ्या केल्या. मग सरकारने एक करवसुली अधिकारी आणून भट्टीच्या आवारातच त्याला घर बांधून दिलं. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून भट्टीचं दार दिसायचं. म्हणजे बाई कढी ढवळायची आणि साहेब चोर बघायचा. कामगारांना मात्र दिवसातून तीनदा तांब्याच्या पेल्यातून घोटभर मिळायची, आणि घाण काम केलं तर चौथा पेला. तो प्रकार डंकन नोकरीला लागायच्या सुमारास बंद झाला, याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर अजून ताजं होतं. आमच्याकडे उन्हात काम करणाऱ्यांना ओआरएसची पाकिटं देतात, असं मी सांगितलं. त्याने सहानुभूतीने मान हलवली.

पहिल्या दालनात जमिनीवर भिजवलेला सातू पसरला होता, आणि त्याला मोड आले होते. इथे वैशालीने सूत्रं हातात घेतली.

"किती तास भिजवता?" तिने डंकनला विचारलं.

त्याने दोन दिवस, मध्ये पाणी काढून, असं काहीतरी सांगितलं.

"आणि फडक्यात बांधत नाही? उघड्यावर मोड? अहो, कडवट नाही का होत?" तिने चार दाणे चावून बघितले. "गोड आहे हो. याची उसळ फक्कड होईल." डंकनने तिला लाकडी फावडं दिलं आणि ती साडी खोचून सातू उलटायला लागली. दहा मिनिटांत तिने त्याला मटकीबद्दल इतकं सांगितलं की तो वहीत लिहून घेत होता. मी मनात म्हटलं, ही माझ्या बाजूने आली होती ना?

मग वाळवणीची भट्टी, म्हणजे जिथे हा मोडाचा सातू वाळवतात ती जागा. खाली पीट जळतं. पीट म्हणजे दलदलीतून विटेसारखी कापून काढलेली, हजारो वर्षं कुजलेली माती. तिचा धूर दाण्यात मुरतो आणि तोच या भट्टीचा स्वभाव, असं रेवा सांगत होती. माझ्या नाकाला वास आला आणि मी जागच्या जागी थबकलो.

"रेवा, हे फिनॉल आहे!"

"येस, बाबा."

"अगं, फिनॉल! आमच्याकडे सांडपाण्यात याचे दोन थेंब सापडले तर मला घरी बसवतील!"

"वुई मेझर इट टू, बाबा. जितकं जास्त, तितके लोक जास्त पैसे देतात."

मला हसावं की रडावं कळेना. ज्या गोष्टीसाठी मी ज्युनिअर लोकांना फैलावर घेतलं, ती हे लोक बाटलीवर छापून मिरवतात. पुढे तांब्याची भांडी आली. जुनं भांडं झिजलं की नवीन हुबेहूब तसंच घडवतात, इतकं हुबेहूब की जुन्याला कुठे पोचा असला तर तोही पाडून घेतात, चव बदलू नये म्हणून. पोचा! याला आमच्याकडे रिजेक्ट म्हणतात. आणि हे सगळं एका वेळी एक घाणा, बॅचमध्ये. आमचे रिफायनरीतले मनोरे वर्षानुवर्षं दिवसरात्र चालतात आणि ही मंडळी रोज खिचडी लावल्यासारखं भांडं भरतात, उकळतात, रिकामं करतात.

शेवटी गोदाम. समुद्राकडची भिंत ओलसर, आत अंधार, मातीची जमीन, आणि ओळीने पिंपं. वर्षानुवर्षं ती इथे निजून असतात आणि लाकडातून दरवर्षी थोडी दारू उडून जाते. तिला म्हणे देवदूतांचा वाटा म्हणतात. हिशेब जुळत नाही की देवदूतांच्या नावावर टाका! हे मला नोकरीच्या सुरुवातीला कोणी सांगितलं असतं, तर माझी कित्येक ऑडिटं सुखाने गेली असती. डंकनने छोट्या पेल्यांतून चव दिली. मी हात जोडले. वैशालीने पेला उचलला, माझ्याकडे बघितलं, आणि घेतला घोट! रेवाचं तोंड उघडंच राहिलं.

"खोकल्याचं औषध," वैशाली डोळे मिटून म्हणाली. "पण चांगल्या डॉक्टरचं."

तिसरा दिवस परीक्षेचा. रेवाने अख्खी पाळी एकटीने चालवायची, डंकन हाताची घडी घालून बघणार. मला आणि वैशालीला पिवळ्या रेषेच्या मागे उभं राहायची परवानगी होती. खरं सांगतो, त्या सकाळी मनातल्या मनात मला ती नापास व्हायला हवी होती. नापास झाली असती तर वाद मिटला असता, देशमुखला फोन केला असता आणि कोणी कोणाला काही बोललं नसतं. बापाने असं मनात आणावं? आणलं. लाज वाटते, पण आणलं.

पहिल्या भांड्यात आंबवलेलं सातूचं पाणी उकळतं. दुधासारखंच ते उतू जायला बघतं. मानेला एक गोल काच असते, फेस काचेपर्यंत चढू द्यायचा आणि मग वाफ हलक्या हाताने कमी करून त्याला तिथेच खेळवायचं. रेवाने वाफ सोडली, फेस चढायला लागला. ती काचेकडे बघत होती, ओठ हलत होते. मग तिने मान वळवून दुसऱ्या भांड्याच्या काट्याकडे नजर टाकली. इकडे फेस काचेत आला. अर्ध्यावर आला. ती अजून तिकडेच बघत होती!

पुढचं मी केलं असं म्हणणं बरोबर नाही, ते झालं. चार ढांगांत मी रेषेच्या आत होतो आणि वाफेचा व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी गच्च बंद केला होता. फेस धप्पकन खाली बसला. उकळी मेली. मला वाटलं, वाचवलं पोरीला.

रेवाने वळून आधी व्हॉल्व्हकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. ती जन्मभर मला इंग्रजी मिसळूनच उत्तरं देत आली, पण त्या क्षणी तिच्या तोंडून शुद्ध मराठी बाहेर पडलं.

"बाबा, माझ्या पाळीला व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. बाहेर हो."

हे वाक्य माझं आहे. सव्वीस वर्षांत मी ते शिकाऊ पोरांना ऐकवलंय, शिफ्ट इंजिनिअरना ऐकवलंय, एकदा तर पाहुणा म्हणून आलेल्या बड्या मॅनेजरला ऐकवून वर शाबासकी मिळवली आहे. आणि आता मीच बाहेर! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी दारापाशी जाऊन उभा राहिलो. वैशाली माझ्याकडे बघतही नव्हती.

डंकन घडी सोडून पुढे आला. "काय झालं?" त्याने रेवाला विचारलं.

"पाळी माझी, जबाबदारी माझी," ती म्हणाली. "माणूस रेषेच्या आत आला आणि मी अडवला नाही. भांडं पुन्हा तापवावं लागेल. परीक्षा गेली असं लिहा."

माझं नाव तिने घेतलं नाही. सकाळी जे मागितलं होतं तेच हातात पडलं होतं, आणि मला ते नको होतं. मी रेषेपर्यंत गेलो, तिच्यावर पाय न देता थांबलो आणि म्हणालो, "व्हॉल्व्ह मी बंद केला. तिची काही चूक नाही."

"मला दिसलं," डंकन म्हणाला. "डोळे शाबूत आहेत माझे. परीक्षा उद्या पुन्हा घेऊ. पण इथली पद्धत आहे, जो हात लावतो तो वहीत लिहितो."

जाडजूड नोंदवही समोर आली. कोणी? पाहुणा. काय केलं? वाफ पूर्ण बंद. कारण? मी लिहिलं, 'फेस उतू जाण्याचा धोका.' डंकनने वाचून मान हलवली. फेस काचेवरच्या खुणेच्या खाली होता, म्हणाला, ती आकडे मोजत होती, दहा सेकंदांत तिने स्वतःच वाफ कमी केली असती. खरं कारण लिहा.

अहो, मी आयुष्यभर लोकांचे अपघाताचे अहवाल लाल पेनाने परत पाठवत आलोय. 'हे लक्षण झालं, मूळ कारण लिहा,' असा माझा ठरलेला शेरा. पाच मिनिटं पेन हातात धरून उभा होतो. शेवटी लिहिलं: 'पाहुण्याचा ऑपरेटरवर विश्वास नव्हता. ऑपरेटर बरोबर होती.' खाली सही केली. पुढचा रकाना, पुन्हा असं होऊ नये म्हणून उपाय. तिथे लिहिलं: 'पाहुणा बाहेर बसेल.'

पाळीप्रमुख म्हणून रेवालाही त्यावर सही करायची होती. तिने नोंद वाचली. पुन्हा वाचली. सही केली, वही मिटली, आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"जेवलास का?"

"नाही," मी म्हटलं. तिने डब्यातलं सँडविच मोडून अर्धं माझ्या हातात दिलं.

चौथ्या दिवशी मी उपायाप्रमाणे बाहेर, समुद्राकडच्या बुटक्या भिंतीवर बसलो. वारा असा की कानटोपी घातलेली असली तरी हाताने धरावी लागते. थोड्या वेळाने डंकनही येऊन शेजारी बसला.

"तुम्ही आत नको का? परीक्षा चालू आहे," मी म्हटलं.

"मी आत असलो की ती माझ्याकडे बघते," तो म्हणाला. "काय गाळलं ते शेवटी दिसेलच."

मला हे जमलं नसतं. मी खिडकीपाशी नाक लावून बसलो असतो. बोलता बोलता कळलं, की डंकनचा बापही इथला स्टिलमन. मंदी आली, भट्टी बंद पडली, बरीच वर्षं तांब्यावर हिरवा थर चढत राहिला. नुकताच इथे नोकरीला लागलेला तरुण डंकन कुठे गेला? उत्तर समुद्रात, तेलाच्या रिगवर! वीस वर्षं तेलात काढली त्याने. भट्टी पुन्हा सुरू झाली तेव्हा परत आला.

"मग वडील खूश असतील तेलाच्या नोकरीवर," मी म्हटलं.

"छे! चार वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. घराण्याला काळिमा म्हणाले. गावात सांगायचे, पोरगा मासेमारीच्या बोटीवर आहे."

मला हसू फुटलं, आणि ते आवरेना. डंकनने कारण विचारलं. मी संत्र्याच्या ज्यूसची गोष्ट सांगितली. दोन म्हातारे त्या भिंतीवर बसून असे हसलो, की आतून वैशाली बघायला आली.

"बोलले का पुन्हा? वडील?" मी विचारलं.

"बोलले. पण फार थोडा वेळ उरला होता," डंकन म्हणाला.

दुपारी डंकन आत गेला. अर्ध्या तासाने रेवा बाहेर आली, हातात काचेचा ट्यूलिपच्या आकाराचा पेला. डंकन तिच्यामागे उभा राहून मला अंगठा दाखवत होता. "पिऊ नकोस, बाबा. नुसता वास घे. माझा आहे." मी नाक घातलं. आधी धूर. मग भिजलेलं गोणपाट. मग खारा वारा, आणि सगळ्याच्या मागून पिकलेल्या पेअरसारखं काहीतरी गोड. मला सांगता येत होतं, की तिने कुठे सुरुवातीचं कडक तोडलं आणि कुठे शेवटचं जड बाजूला काढलं. इतकं स्वच्छ वेगळं काढणं माझ्या मनोऱ्यांनाही रोज जमत नाही.

"रेवा, मी चुकलो गं," मी म्हटलं. "कट झकास घेतलास. एक नंबर."

ती रडायला लागली, मग मी, आणि वैशाली म्हणाली, "पेला सांभाळा, सांडेल."

कुवेतला उतरलो तेव्हा दारातच भट्टीसारखा गरम वारा अंगावर आला. जाणाऱ्यांना शेवटची सूचना: बाटली तर सोडाच, तिथली भरलेली चॉकलेटंही आणू नका, आत काय असतं ते वाचा. मी वैशालीला दहा वेळा बजावलं होतं. तिच्या बॅगेत कस्टमवाल्याला सापडला एक किलो सातू, धुराचा वास मारणारा. "हे काय?" त्याने विचारलं. मी गारठलो. "उसळ," वैशालीने त्याला ठणकावून सांगितलं, आणि त्याने कंटाळून पिशवी परत दिली.

दुसऱ्या दिवशी देशमुखला गाठून सांगितलं, जागा दुसऱ्याला दे, रेवा येत नाही. का, विचारलं. मी म्हटलं, "ती दारू गाळते. तिथली पक्की स्टिलमन झाली." आम्ही लिफ्टमध्ये होतो, आणि आमच्याशिवाय आणखी चौघं होते. देशमुखने आधी त्या चौघांकडे बघून घेतलं. मग कानाशी येऊन म्हणाला, "कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना सवलत असते का रे?"

गेल्या आठवड्यात रेवाचा फोन आला. आता ती थेट मला करते, एक्स्चेंज बंद पडलं. म्हणाली, तिने एकटीने गाळलेलं पहिलं पिंप भरलं, झाकण ठोकलं, गोदामात समुद्राकडच्या भिंतीपाशी ठेवलं.

"कधी उघडणार?" मी विचारलं.

"बारा वर्षांनी, बाबा. उघडताना तू समोर पाहिजेस. प्रॉमिस?"

मी पंचावन्नचा. साखर काठावर, ब्लड प्रेशर काठापलीकडे, आणि डॉक्टर चार वर्षं ओरडतोय. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला फिंतासच्या समुद्राकाठी तासभर चालतो, भात एकवेळ, गोड बंद. वैशाली म्हणते, इतकं तर तुम्ही माझ्या सांगण्यावरून कधी केलं नाहीत. खरं आहे. दारूपायी माणसं लवकर गेली असं लहानपणापासून ऐकत आलो, आणि मला तिच्यापायी अजून बारा वर्षं टिकायचंय.